नर्सबाईची चाल

अंगणवाडीत बाळाचं वजन करताना आधी साल्टर काट्याला रिकामी झोळी अडकवायची, काटा शून्यावर आणायचा आणि मगच मूल झोळीत घालायचं. आरोग्यसेविका म्हणून ३२ वर्षं मी हे केलं. नव्या मुली घाईत हे विसरत, मग झोळीचं वजन बाळाच्या खात्यात जमा होई आणि अशक्त पोर कागदावर बाळसं धरी. म्हणून चाल मोजण्याच्या प्रयोगशाळेत एका मुलीने जमिनीत बसवलेल्या, पावलाचा जोर मोजणाऱ्या पाटावरून मला खाली उतरायला लावलं आणि "मावशी, थांबा, आधी शून्य करून घेते" म्हणाली, तेव्हा माझा निम्मा संशय फिटला.

संशय घेऊनच मी गेले होते. उजवा गुडघा चार वर्षं दुखतोय. आचऱ्याजवळच्या आमच्या वाड्यांत लसीची पेटी खांद्याला लावून पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, चढण्या-उतरण्यात नोकरी गेली, त्याची ही बिदागी. एका दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, "झीज आहे, वजन कमी करा" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मी चालते कशी, हे त्यांनी पाहिलंच नाही. केबिनच्या दारापासून खुर्चीपर्यंत चार पावलं टाकली तेवढीच, आणि तेव्हा ते मोबाइल बघत होते. घरात मात्र सगळ्यांचं लक्ष माझ्या चालण्यावर. लेक म्हणते, "आई, बदकासारखी डुलतेस." सासूबाई त्याहून वाईट बोलतात, ते इथे लिहीत नाही.

आमच्याच किनारपट्टीवरच्या एका फिजिओथेरपी कॉलेजात गुडघेदुखीच्या बायकांच्या चालण्याचा अभ्यास चालू आहे, असं माझ्या जुन्या उपकेंद्रातल्या आशाताईने कळवलं. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचेही नाहीत, एसटीचं भाडं तेवढं मिळेल. पहाटेच्या गाडीने कणकवली, तिथून महामार्गाने पुढे. ऑक्टोबर होता, परतीचा पाऊस आणि घाम दोन्ही एकदमच.

आधी संमतिपत्रक. मराठीत होतं, पण मराठी अशी की मला ते दोनदा वाचावं लागलं. मी स्वतः हजारो बायकांचे अंगठे आणि सह्या घेतल्या आहेत, त्यातल्या किती जणींना मी पूर्ण वाचून दाखवलं, हा हिशेब न मांडलेला बरा. इथे अभ्यास करणाऱ्या मॅडमनी प्रत्येक मुद्दा समजावला. कधीही "पुरे" म्हणून उठून जाऊ शकता, हे दोनदा सांगितलं.

मग कपडे. हा भाग मला आधी कोणी सांगितला नव्हता. साडीत चाल मोजता येत नाही, कारण कॅमेऱ्याला सांधे दिसायला हवेत. घट्ट काळी अर्धी चड्डी आणि बिनबाह्यांचा गंजी. वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी तशी उभी! पडदा लावला होता, आत सगळ्या मुलीच, एकच मुलगा आणि तो पडद्यापलीकडे संगणकावर. तरीही पहिली पाच मिनिटं मी हात कुठे ठेवू ते कळेना. बाळंतपणाला आलेल्या बायका टेबलावर कशा पडून राहत असतील, ते मला नोकरीभर कळलं नाही, ते त्या पाच मिनिटांत कळलं.

मॅडम बोलत राहिल्या, बहुधा माझं अवघडलेपण ओळखून. म्हणाल्या, काळे कपडे ही जुनीच युक्ती. १८८०च्या दशकात फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे नावाच्या शास्त्रज्ञाने माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घातले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि काळ्या भिंतीसमोरून चालवत एकाच काचेवर एकामागून एक फोटो घेतले. फोटोत माणूस नाहीसा झाला, उरल्या त्या फक्त पट्ट्या, पंख्याच्या पात्यांसारख्या उलगडत गेलेल्या. नंतर जर्मनीत ब्राउने आणि फिशर या दोघांनी सैनिकाच्या अंगावर चमकणाऱ्या काचेच्या नळ्या बांधून त्याला अंधारात चालवलं. "आम्ही तुम्हाला नळ्या लावणार नाही," मॅडम म्हणाल्या, "गोळ्या लावतो."

गोळ्या म्हणजे बोराएवढे करडे गोल, १४ मिलिमीटरचे. साध्या उजेडात त्यात काही विशेष दिसत नाही. पण वरून चिकटवलेल्या पट्टीत अगदी बारीक काचकण असतात आणि ज्या दिशेने उजेड येतो त्याच दिशेने ते तो परत धाडतात, रात्री गाडीच्या दिव्यात रस्त्यावरचे फलक उजळतात ना, तसे. भिंतीवर वर, चहूबाजूंना मिळून आठ कॅमेरे. प्रत्येकाच्या भिंगाभोवती दिव्यांचं कडं, त्यातून डोळ्याला जेमतेम जाणवणारा लालसर प्रकाश. तो इन्फ्रारेड. कॅमेऱ्याला मी दिसतच नाही, फक्त गोळ्या दिसतात. एखादा गोल खोलीत नेमका कुठे आहे ते ठरवायला किमान दोन कॅमेऱ्यांना तो एकाच वेळी दिसावा लागतो. म्हणून इतके कॅमेरे. चालताना हात पुढे आला की कंबरेचा गोल झाकला जातो, मग पलीकडच्या कॅमेऱ्याने तो पकडायचा.

गोल लावण्यापूर्वी मोजमाप झालं. उंची, वजन (६१ किलो), कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेपने पायाची लांबी, कॅलिपरने गुडघ्याची आणि घोट्याची रुंदी. माझा डावा-उजवा पाय सारखाच निघाला. लांबीत फरक असेल, अशी माझी समजूत होती. तिथेच माझा एक सिद्धांत पडला.

हाड चाचपून त्यावर नेमका गोल लावणं, हे खरं कौशल्य. कमरेला पुढे दोन, मागे दोन, मांडीला, गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, पोटरीला, घोट्यावर, टाचेवर, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी. खांद्यांवर आणि छातीवरही, कारण धड किती कलतं तेही मोजायचं होतं. लावणाऱ्या मुलीची बोटं थंड आणि अनुभवी होती. "एक सेंटिमीटर सरकला तर गुडघ्याचे सगळे आकडे बदलतात, मावशी," ती म्हणाली. इंजेक्शनची जागा चुकली तर काय होतं ते मी जाणते, त्यामुळे मी काही न बोलता उभी राहिले.

घामाने घोटाळा केला. एसी चालू होता, पण किनाऱ्यावरची हवा! दुहेरी चिकटपट्टी पोटरीवरून सुटायची आणि गोल टपकन फरशीवर. स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, पुन्हा लावायचा. दागिन्यांचाही प्रश्न होता. चकाकणारी कोणतीही वस्तू कॅमेऱ्याला गोळीच वाटते आणि पडद्यावर नसलेला सांधा उगवतो. मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलं. पण जोडव्या ३७ वर्षं निघालेल्या नाहीत, आता तर बोटात रुतल्यात. मुलीने कागदी पट्टीचे दोन वेढे देऊन त्या झाकल्या. कॉलेजातली ही पोर, पण "काढाच" म्हणाली नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

मांडीला आणि पोटरीला स्नायूंचे इलेक्ट्रोड लागले. त्यासाठी तिथले केस काढायचे, त्वचा पुसायची, मग ईसीजीसारख्या चकत्या स्नायूच्या धाग्यांच्या दिशेत लावायच्या. मी पाय ताणला की पडद्यावरची रेघ फिसकारायची, सैल सोडला की निजायची. एका चकतीतून नुसतीच गुणगुण येऊ लागली. ती माझी नव्हती, भिंतीतल्या विजेची होती. सेकंदाला ५० वेळा हेलकावणारी घरगुती वीज स्नायूच्या इवल्याशा संदेशात घुसते. चकती बदलली, गुणगुण थांबली.

एवढं सगळं झालं आणि वीज गेली.

बाहेर गडगडत होतं. आमच्याकडे ऑक्टोबरात हे ठरलेलंच. संगणक बॅटरीवर तगला, कॅमेरे नाही. अर्ध्या तासाने वीज आली तेव्हा मला वाटलं, चला, सुरू. पण मॅडमचा नियम असा की कॅमेरे बंद पडले की सगळं नव्याने जुळवायचं. मग तो मुलगा, वेंगुर्ल्याचा निघाला तो, एक टी आकाराची कांडी घेऊन खोलीभर फिरू लागला. वर, खाली, कोपऱ्यात, गिरक्या घेत, दशावतारात संकासूर नाचतो तसा. कांडीवरच्या गोळ्यांमधली अंतरं संगणकाला आधीच ठाऊक असतात, त्यावरून प्रत्येक कॅमेरा स्वतःची जागा ओळखतो. शेवटी फरशीवर काटकोनी चौकट ठेवली. "हे खोलीचं शून्य," तो म्हणाला. "इथून सगळा मोजायचा."

पुन्हा शून्य. या लोकांशी आपलं जमेल, असं मला वाटलं.

चालायची वाट दहाएक मीटर. मधोमध जमिनीत दोन पाट बसवलेले. त्यांना फोर्स प्लेट म्हणतात. त्यांच्यासाठी जोत्यात खड्डा करून वेगळा पाया घातला आहे आणि पाटाभोवती बारीक फट ठेवली आहे, म्हणजे बाजूला कोणी धप्पकन चाललं तरी पाट हलणार नाही. वरून आजूबाजूच्या फरशीसारखंच आच्छादन. चारही कोपऱ्यांखाली संवेदक, त्यामुळे पाऊल किती जोराने पडलं एवढंच कळत नाही. पुढे ढकललं की मागे, आत की बाहेर, आणि तळव्याच्या नेमक्या कुठल्या बिंदूवर भार आहे, हेही कळतं. कॅमेरे सेकंदाला १०० वेळा बघतात, पाट १००० वेळा मोजतो.

अट एवढीच की एका पाटावर एकच पाऊल, तेही पूर्ण. आणि गंमत अशी की पाट कुठे आहे ते चालणाऱ्याने बघायचं नाही. बघितलं की माणूस पाऊल आखडतो किंवा लांबवतो, मग ती त्याची चाल राहत नाही. मला अर्थातच कळलं होतं पाट कुठे आहेत ते, मुलीने शून्य केलं तेव्हाच. पहिल्या सहा-सात फेऱ्यांत मी गुणी विद्यार्थिनीसारखं पाऊल बरोब्बर पाटावर टाकलं. खूश होऊन वळले तर मॅडम मान हलवत होत्या. सगळ्या फेऱ्या रद्द.

"मावशी, तुम्ही चालत नाही आहात, परीक्षा देताय."

खरंच होतं. आठ कॅमेरे रोखलेले असताना कोण सरळ चालेल? हात लाकडासारखे झाले होते. मी तर डुलणंही दाबून धरलं होतं, लेकीने हिणवलेलं डोक्यात होतं ना. मग त्यांनी माझी सुरुवातीची रेघ कधी अर्धा हात मागे, कधी पुढे घेतली, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सांगितलं. आणि वेंगुर्ल्याच्या त्या मुलाने विचारलं, "मावशे, तोंडवळीक अजून रापण लागता?" मी सांगत सांगत चालू लागले. कोणाची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, दोर कोण ओढतं, बांगडा किती आला. बांगड्यापर्यंत आले तोवर मी डुलत होते. तेवीस फेऱ्यांमधल्या पाच ठेवल्या, बाकी फेकल्या. अठरा फेऱ्या फेकून द्यायला जिगर लागते. आमच्या मासिक अहवालात असं फेकता आलं असतं तर?

डोक्यावर ओझं घेऊन चालू का, असं मीच विचारलं. आमच्या बायका मोकळ्या हातांनी चालतात कधी? मॅडम हसल्या. त्यांनी सांगितलं की १९८६ साली केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवर असा अभ्यास झाला होता. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ओझं डोक्यावर किंवा कपाळाच्या पट्ट्याने पाठीवर असूनही त्या बायकांना जादा प्राणवायू लागलाच नाही. माझ्या हिशेबाने १२ किलो फुकटात! पुढे १९९५मध्ये त्याचं कारणही सापडलं. चालणारा माणूस उलट्या टांगलेल्या लंबकासारखा वर-खाली होतो आणि एका पावलाची ऊर्जा पुढच्या पावलाला पुरवतो. लहानपणापासून ओझं वाहिलेल्या त्या बायका ओझं घेतल्यावर ही देवघेव अधिक काटेकोर करत. माझा गुडघा दुखत असल्यामुळे मला मात्र ओझं देणार नाहीत, कागदात बसत नाही म्हणाल्या. नियम तो नियम.

दाबाच्या चटईवर उभं राहिले, तळव्यांचे लाल-पिवळे नकाशे उमटले. ट्रेडमिलवर चढवलं नाही, ते एक बरंच झालं.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट समजावून घ्यायला पुन्हा गेले. पडद्यावर माझा सांगाडा चालत होता, काड्यांचा. तोंड नाही, केस नाहीत, साडी नाही, तरी मी ओळखलं. तो डुलत होता.

मॅडमनी आलेख उघडले. करड्या पट्ट्यात निरोगी माणसांची चाल, त्यावर माझी रेघ. टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत एक चक्र. त्यातला सुमारे ६० टक्के वेळ पाय जमिनीवर, ४० टक्के हवेत. माझा उजवा पाय जमिनीवरून लवकर सुटायचा, डावा रेंगाळायचा. पाय हवेत असताना गुडघा ६० अंशांच्या आसपास वाकायला हवा, माझा ४४ वरच अडला होता. पाटावरच्या जोराचा आलेख झपाझप चालणाऱ्याचा दोन शिखरांचा असतो. दोन्ही शिखरं शरीराच्या वजनाच्या वर, मधे खिंड. माझा म्हणजे आमच्या कातळाच्या सड्यासारखा सपाट. हळू चाललं की असं होतं, म्हणाल्या.

स्नायूंच्या रेघांनी मला सगळ्यात जास्त चकित केलं. मांडीचे पुढचे आणि मागचे स्नायू आळीपाळीने काम करतात, असं मी नर्सिंगला शिकले होते. माझे दोन्ही एकाच वेळी खेचत होते, दुखरा सांधा आवळून धरायला. रापणीचे दोन्ही दोर एकदम ओढावेत, पण जाळं किनाऱ्याला यायच्या ऐवजी मधल्या मधे गच्च व्हावं, तसं.

आणि डुलणं. मॅडमनी तो आकडा शेवटी ठेवला होता. उजव्या पायावर भार आला की माझं धड उजवीकडे कलतं. त्याने शरीराचा भार गुडघ्याच्या मधोमध सरकतो आणि आतल्या बाजूला, जिथे माझी झीज आहे, तिथे बसणारी पिळवट कमी होते. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. कोणीच नाही. चार वर्षांत कधीतरी शरीरानेच शोधून काढलं होतं, मला न विचारता. घरात ज्यावर हसत होते ते माझं औषध होतं.

अर्थात फुकटचं काहीच नसतं. तसं कलून कलून कंबर दुखायला लागली होती, आणि कुल्ह्याच्या बाजूचे स्नायू दुबळे झाले होते. त्यांना व्यायाम दिला, कुशीवर निजून वरचा पाय सरळ उचलायचा. दुसरी सूचना छत्रीबद्दल. मी छत्री काठीसारखी टेकत चालते, उजव्या हातात, कारण दुखतो उजवा पाय. मॅडम म्हणाल्या, डाव्या हातात घ्या. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी असली की कुल्ह्याला आणि गुडघ्याला खरा आधार मिळतो. हे मी पेशंटना सांगितलेलं आहे, अनेकदा. स्वतःची छत्री मात्र चार वर्षं चुकीच्या हातात.

परत निघताना मी एक गोष्ट बोललेच. "तुमची फरशी पाण्यासारखी समतल. अशी जमीन आमच्या गावात शाळेच्या व्हरांड्यात तेवढी मिळेल. माझा गुडघा दुखतो तो पाखाडी उतरताना, आणि वाळूत." त्यावर मॅडम चिडल्या नाहीत. वाळूचं त्यांनाही ठाऊक होतं. घट्ट जमिनीपेक्षा वाळूत चालायला दुप्पट ते पावणेतीनपट ऊर्जा लागते, असं १९९८मध्ये मोजलं गेलंय. पण पाट काही उचलून तोंडवळीच्या किनाऱ्यावर नेता येत नाहीत.

तरीही डिसेंबरात वेंगुर्ल्याचा मुलगा आमच्याकडे आला, काडेपेटीएवढ्या डब्या घेऊन. त्यांत वेग किती बदलतो आणि अंग किती फिरतं ते मोजणारे संवेदक. घोट्याला, मांडीला, कमरेला पट्ट्याने बांधायचे, कॅमेरा नको, अंधार नको. पाटाएवढे ते खरे नाहीत, पण माणूस जिथे चालतो तिथे जातात. मी पाखाडी उतरले, गडग्याच्या कडेने मळ्यात गेले, साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पलीकडे वाळूत. पायऱ्या उतरताना मी आधी डावा पाय खाली ठेवून मग उजवा ओढते, असं त्याने तिथल्या तिथे लॅपटॉपवर दाखवलं. माझ्या मते उजवा आधी खाली यायला हवा होता. पेशंटना मी तेच शिकवायची. बरा पाय वर चढताना, दुखरा खाली उतरताना.

सासूबाई अंगणात हे सगळं बघत होत्या. वय ८४, आयुष्यभर चुलीची लाकडं आणि भाताचे भारे डोक्यावर वाहिलेले. "माका बांध," त्या म्हणाल्या. मुलाने माझ्याकडे पाहिलं. संमतिपत्रकाचं काय, म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "सही करतंय, हाड सरकारा." हाड म्हणजे आण. मग त्यांनी पाटीत सहा नारळ घातले, चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी वर घेतली आणि हात न लावता मळ्याच्या बांधावरून निघाल्या. मान ताठ, कंबर लवलवती. मुलगा लॅपटॉप कवटाळून मागून धावत होता. व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, जाऊन त्या आल्या, पाटी उतरवली, एक थेंब घाम नाही.

मुलगा पडद्याकडे बघून गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "आजी, रेकॉर्डिंग चालू करूक इसारलंय. परत एकदा चलतास?"

"आता नाय," सासूबाई पट्टा सोडत म्हणाल्या. "जेवची येळ झाली."